उणे तीसमध्ये साइटवर काय घालायचं? आधी ते कॉटनचं बनियन काढ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की सांगलीहून सिव्हिलचा डिप्लोमा करून कॅनडात सास्काटूनला आलास, इथलं कॉलेज संपलं, आणि आता जानेवारीपासून एका जिओटेक, म्हणजे बांधकामाआधी जमीन तपासणाऱ्या कंपनीत फील्ड टेक्निशियन म्हणून लागतोयस. म्हणजे दिवसभर ड्रिल रिगच्या, जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्राच्या शेजारी उभं राहून बोअरहोल लॉग करायचे, किती खोलीवर कसली माती ते लिहायचं, मातीची सॅम्पलं पिशवीत भरायची. जवळ काय आहे तर गावाकडून आणलेले दोन थर्मल, आईने विणलेला स्वेटर, जीन्स आणि मॉलमधलं पफर जॅकेट. आणि विचारतोयस की हजार डॉलरचं ते पिसांचं जॅकेट एकदाच घेऊन टाकलं तर भागेल का.

नाही भागणार. मी इथे सास्काचेवान प्रांतात आणि शेजारच्या उत्तर अल्बर्टात बरीच वर्षं हेच काम करतोय, नवीन पोरांना साइटवर नेतो, त्यामुळे सांगतो, थंडीने जे पोरगं दुपारी दोनला ट्रकमध्ये जाऊन बसतं ना त्याचं जॅकेट बहुतेक वेळा मस्तच असतं. आतलं सगळं ओलं असतं. इथल्या थंडीत माणूस गारठतो तो स्वतःच्या घामाने, आणि हे एक डोक्यात बसलं की बाकीची खरेदी आपोआप बरोबर होते.

आपल्याकडे लहानपणापासून सवय काय, आधी बनियन, मग बाकीचं. इथे पहिलं ते बनियन काढायचं. कॉटन घाम पितं आणि सोडत नाही, तासंतास अंगाला ओलं चिकटून राहतं. हवेपेक्षा पाणी साधारण २५ पट जोरात उष्णता ओढून नेतं, आणि वर ते ओलं कापड सुकताना अजून उष्णता घेतं. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने तू उणे तीसमध्ये गार होणार, फक्त इथे माठ म्हणजे तुझी पाठ. तर बनियन, कॉटनची अंडरवेअर, कॉटनचे मोजे, हुडी, जीन्स, हे सगळं फील्डच्या दिवशी घरी. अंडरवेअर लोक हमखास विसरतात, बाकी सगळं लोकरीचं आणि आत व्हीआयपीची चड्डी. आणि गावाकडून आणलेल्या थर्मलचं लेबल बघ, आपल्याकडचे बरेच थर्मल कॉटन किंवा कॉटन मिक्स असतात. महाबळेश्वरला किंवा निफाडच्या थंडीत ते उत्तम, नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता तिथेही चाललं असतं, पण इथे बाहेर काम करताना नको. झोपताना घाल.

आता दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही. रिगवर दोन प्रकारची माणसं असतात आणि दोघांचे कपडे वेगळे. एक हेल्पर, तो ऑगर (भोक पाडणारा मोठा लोखंडी स्क्रू) उचलतोय, फावड्याने माती ओढतोय, त्याला उणे पंचवीसमध्येसुद्धा घाम फुटतो. दुसरा तू, हातात क्लिपबोर्ड, एका जागी उभा, वीस मिनिटांत हललास तर दोन पावलं. साइटवरचं सगळ्यात थंड काम लॉगिंगचं. त्यामुळे ड्रिलर फक्त एक फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापडाचं जॅकेट) घालून फिरतोय हे बघून आपणही तसंच करायचं नाही, तो गडी दिवसभर अंगमेहनत करतोय. पण गंमत अशी की तुलाही मधेच सॅम्पलचे बॉक्स ट्रकपर्यंत ओढायला लागतात, गुडघाभर बर्फातून, आणि त्या दहा मिनिटांत पूर्ण पॅक असलास तर पाठ भिजते, मग परत येऊन एका जागी उभा, आणि मग थंडी वाजते. म्हणून कपडे असे हवेत की पटकन काढता-घालता येतील. ओझं ओढायच्या आधी एक थर काढ, चेन उघड, टोपी मागे सरकव. थोडी थंडी वाजत असताना काम सुरू करायचं, पाच मिनिटांत अंग गरम होतं. आणि थांबलास की लगेच, घाम सुकायची वाट न बघता, वरचं जाड जॅकेट चढवायचं.

अजून एक, सकाळी ट्रकमध्ये बसताना लोक सगळं घालून बसतात, हीटर २४ वर, साइट दीड तास लांब, उतरेपर्यंत आतून घामाघूम. दिवसाची वाट तिथेच लागते. गाडी चालवताना फक्त आतला थर आणि एक फ्लीस, बाकी सगळं मागच्या सीटवर, साइटवर पोचल्यावर घालायचं. आणि बूट ट्रकच्या डिकीत ठेवू नकोस रे बाबा, पायापाशी हीटरजवळ ठेव.

आतून बाहेर येऊ. अंगाला लागून मेरिनो लोकर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक, मऊ लोकर. ही आपल्या घोंगडीसारखी टोचत नाही, काळजी नको. पूर्ण बाह्यांचा टॉप आणि खाली लाँग जॉन, म्हणजे घोट्यापर्यंतची आतली पँट. लेबलवर २०० किंवा २५० ग्रॅम असं काही लिहिलेलं असतं, ते कापडाचं वजन, तुझ्या उभ्याच्या कामाला २५० बरं. महाग वाटलं तर पॉलिएस्टरचा बेस लेयर घे, काम तितकंच करतो, फक्त दुसऱ्या दिवशी त्याचा वास शेजारच्याला समजतो, मेरिनो चार दिवस न धुता चालते आणि कॅम्पवर राहायचं असेल तर हा काही छोटा फायदा नाही. अंगाला नीट बसेल असं घे, पण रक्त अडेल इतकं घट्ट नको. इथली जुनी माणसं अजून नोव्हा स्कोशियाच्या ट्रुरोमधल्या स्टॅनफील्ड्सची जाड लोकरीची बनियनं घालतात, ती टोचतात थोडी पण फाटता फाटत नाहीत.

त्याच्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. आईने विणलेला स्वेटर चालेल का? चालेल, पण आधी एक बघ. आपल्याकडे दुकानात ज्याला लोकर म्हणून विकतात ती बऱ्याचदा अॅक्रिलिक असते. आतल्या शिलाईतला एक छोटा धागा काढून सिंकवर जाळून बघ, केस जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख झाली तर खरी लोकर, वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिकही वाईट नाही, लवकर सुकतं, मधला थर म्हणून छान. फक्त एक लक्षात ठेव, तेल किंवा गॅसच्या साइटवर पाठवलं तर तिथे आगीपासून वाचवणारे एफआर कपडे सक्तीचे असतात, आणि तिथे आतमध्ये पॉलिएस्टर, अॅक्रिलिक, नायलॉन काहीच नको, कारण आगीत ते वितळून कातडीला चिकटतं. तिथे आत लोकर आणि वर एफआर, एवढंच. म्हणूनही मी मेरिनोवर पैसे घाल म्हणतो, दोन्हीकडे चालते.

सगळ्यात वरचं कापड वाऱ्यासाठी. इथे नवीन माणूस वॉटरप्रूफच्या मागे लागतो कारण आपल्या डोक्यात बाहेर जायचं म्हणजे पाऊस. उणे वीसच्या खाली पाऊस नाही, बर्फसुद्धा कोरडा, झटकला की पडतो. वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये उलट आतली वाफ बाहेर पडत नाही आणि संध्याकाळी जॅकेटच्या आतल्या बाजूला पांढरं दव गोठलेलं दिसतं, ते ट्रकमध्ये वितळून परत तुझ्या फ्लीसमध्ये. म्हणून वारा अडवणारं पण श्वास घेणारं कापड. इथले कामगार जे जाड तपकिरी डक कॅनव्हासचे अस्तरवाले बिब घालतात ते कॅनव्हास कॉटनचंच असतं, मग ते कसं चालतं असं विचारशील, तर ते बाहेरच्या बाजूला आहे आणि बाहेर सगळं कोरडं आहे म्हणून. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की तेच बिब भिजून जड होतात आणि तेव्हा मात्र वॉटरप्रूफ लागतं.

बिब म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली छातीपर्यंतची पँट. साध्या स्नो पँटपेक्षा हेच घे, वाकलास की कमरेला फट पडत नाही. दोन्ही पायांना बाजूने मांडीपर्यंत चेन असलेली बघ, म्हणजे बूट न काढता घालता-काढता येते. आणि दुकानात सगळे थर अंगावर चढवून एकदा उकिडवं बसून बघ, सॅम्पल भरताना दिवसभर तसंच बसायचंय. शिवाय साइटवरच्या त्या प्लास्टिकच्या संडासात उणे तीसमध्ये पाच मिनिटं बटणं सोडवत बसणं काय असतं ते अनुभवाने कळण्यापेक्षा आधीच चेनवालं घे.

जॅकेट एक नंबर मोठं. तुझं पफर चालेल की, फेकू नकोस, पण त्याचं नायलॉन रिगवर दोन दिवसांत फाटेल, त्यामुळे ते आत आणि वरून सैल कामाचं जॅकेट. पिसांचं असेल तर ओलं झाल्यावर पिसं बसतात आणि ऊब जाते, सिंथेटिक भरावाला तो त्रास कमी. ते हजार डॉलरवालं घालून डाउनटाउनला मिरव, त्याच्यावर ग्रीस उडालं की जीव कळवळेल. सगळ्यात वर कंपनीचा चमकदार पट्ट्यांचा व्हेस्ट असतो, तो जाड जॅकेटवर बसेल अशा साइजचा मागून घे, जॅकेटच्या आत घातलेला व्हेस्ट कोणाला दिसत नाही आणि तिथे मागे येणारे लोडर असतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. मफलर नाही. लोंबणारी दोरी नाही, हुडची नाडी बाहेर नाही, आणि हरवू नयेत म्हणून हातमोजे दोरीने गळ्यात अडकवतात तेही रिगजवळ नाही. ऑगर फिरत असतो, त्यात कापडाचं टोक जरी अडकलं तरी तो थांबत नाही, माणसाला ओढून नेतो. थंडीपेक्षा हा धोका मोठा. गळ्यासाठी नेक गेटर घे, नळीसारखं असतं ते, सुटं टोकच नाही.

आता बूट. पैसे खर्च करायचे तर इथे. पहिलं म्हणजे सीएसएचा (कॅनडाच्या मानक संस्थेचा) हिरवा त्रिकोण असलेले सेफ्टी बूट लागतील, त्याच्याशिवाय साइटवर घेणार नाहीत. पुढे स्टीलऐवजी कंपोझिटची टोपी असलेले बघ, स्टील उष्णता पटकन वाहून नेतं. बुटावर उणे ७०, उणे १०० असले आकडे लिहिलेले असतात त्याच्यावर फार जाऊ नकोस, चालत राहणाऱ्या माणसाचा पाय आणि उभ्या माणसाचा पाय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो आकडा एका बुटाची दुसऱ्याशी तुलना करायला ठीक. आतलं फेल्टचं अस्तर बाहेर काढता येतं असेच बूट घ्यायचे. पायाला घाम येतोच, कितीही काही कर, आणि न निघणारं अस्तर रात्रभरात सुकत नाही, मग दुसऱ्या दिवशी सकाळीच ओल्या बुटात पाय. अस्तराचे दोन जोड ठेव, आलटून पालटून.

साइज एक नंबर मोठा. आणि मोजे दोन जाड घालायचे नाहीत! सगळे हेच करतात. बुटात बोटं हलली नाहीत की रक्त फिरत नाही, आणि रक्त फिरलं नाही तर बूट कितीही भारी असो, पाय बर्फ. एक जाड लोकरीचा मोजा, हवा तर आत एक अगदी पातळ. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदल, खिशात एक कोरडा जोड कायम. नुसते मोजे बदलल्यावर अंगभर जो फरक पडतो तो जॅकेट बदलून पडत नाही, करून बघ.

तुझ्यासारख्या उभ्याच्या कामाला अजून दोन युक्त्या. एक, पातळ मोजा, त्याच्यावर साधी प्लास्टिकची पिशवी, त्याच्यावर जाड लोकरीचा मोजा. पायाचा घाम पिशवीत राहतो, जाड मोजा आणि अस्तर कोरडं राहतं. पाय थोडा चिकचिकीत वाटतो पण गरम राहतो. रोज नको करू, कातडी मऊ पडते, उणे पस्तीसचा दिवस असेल तेव्हा. दुसरी, गोठलेल्या जमिनीवर नुसता उभा राहू नकोस, तळव्यातून ऊब जमिनीत जात राहते. इमारतीच्या भिंतीला लावतात तो गुलाबी किंवा निळा कडक फोमचा तुकडा साइटवर मिळतोच, नाहीतर प्लायवूडचा, तो पायाखाली टाक आणि त्याच्यावर उभा राहून लॉग लिही. ड्रिलर हसेल, दुसऱ्या दिवशी तोही एक तुकडा मागेल. फक्त तुकडा रिगपासून लांब टाक, घसरून पडायला नको.

हातांचं प्रकरण तुझ्या कामात जरा वेगळं आहे. वरची जमीन गोठलेली असते, ह्या भागात साधारण दोन मीटरपर्यंत, पण त्याच्या खालची माती ओलीच असते. ती चिकट ओली क्ले तू हाताने फोडून बघणार, लगेच ग्लव्हज ओले, आणि वर उणे तीसची हवा, दोन मिनिटांत ग्लव्हज कडक. म्हणून आत पातळ मेरिनोचे लायनर, माती हाताळताना त्याच्यावर मोठ्या साइजचे नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे पाणी न शिरणारे ग्लव्हज, ते काम झालं की काढून जाड मिटन्स. मिटन्स म्हणजे चारही बोटं एकत्र असलेले, पाच बोटांच्या ग्लव्हजपेक्षा कधीही गरम. लायनरचे तीन-चार जोड ठेव, ओले झालेले ट्रकच्या डॅशबोर्डवर काचेच्या हवेपाशी वाळत टाक. बॉलपेन चालत नाही, शाई गोठते, पेन्सिलने लिही. फोन आतल्या खिशात अंगाजवळ, बाहेर ठेवलास तर बॅटरी बघता बघता बंद पडते.

उघड्या हाताने धातूला हात लावायचा नाही, कातडी चिकटते, ओला हात असेल तर हमखास. आणि पेट्रोल, डिझेल भरताना फार जप. पेट्रोल उणे तीसलाही पातळच असतं आणि तितकंच थंड, हातावर सांडलं तर उडून जाताना अजून उष्णता ओढतं, कातडी तिथल्या तिथे गोठू शकते. इंधनासाठी वेगळे रबरी ग्लव्हज ठेव.

त्या फोडून गरम होणाऱ्या पिशव्या घे, स्वस्त असतात. आत लोखंडाचा भुगा असतो, हवेतला ऑक्सिजन लागला की गरम होतो, म्हणून घट्ट बुटात हाताची पिशवी टाकलीस तर थंड पडते, पायाच्या वेगळ्या मिळतात. थेट कातडीला लावू नकोस, बधिर झालेल्या जागेला चटका कळत नाही.

डोक्यातून निम्मी उष्णता जाते वगैरे ऐकलं असशील, तसं काही नाही, डोक्याच्या आकाराच्या हिशोबानेच जाते, एक दशांशाच्या आसपास. पण नाक, कान, गाल आधी गोठतात हे खरं. हेल्मेटखाली लोकरीची जाड टोपी घालू नको, हेल्मेट वर बसतं आणि आदळलं तर उपयोग नाही, त्याच्यासाठी बनवलेले लायनर मिळतात. खाली पातळ माकडटोपी. हो, आपलीच माकडटोपी, इथे तिला बालाक्लावा म्हणतात आणि तीस-चाळीस डॉलर घेतात. श्वासाने तोंडापाशी ती भिजते आणि गोठते म्हणून दोन ठेव. सेफ्टी चष्म्यावर वाफ धरते, नाकावरून कापड थोडं खाली घेऊन श्वास खाली सोडायची सवय कर. कानात बाळी, हातात कडं असेल तर कामाच्या दिवशी काढून ठेव, धातू कातडीला लागून गार पडतो, शिवाय यंत्राजवळ तसंही नको. तोंडाला क्रीम किंवा व्हॅसलीन चोपडलं की फ्रॉस्टबाइट (कातडी गोठणं) होत नाही असं समजू नकोस, कातडी फुटू नये म्हणून रात्री लाव, आणि खोबरेल नेलं असशील तर ते बाटलीत वर्षातले आठ महिने दगडच राहणार आहे.

किती थंडीत किती वेळ हे विचारलं नाहीस पण तेच महत्त्वाचं. हवामानात विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती लागते त्याचा जो आकडा सांगतात, तो बघायची सवय लाव. कॅनडा आणि अमेरिकेने सध्याचं सूत्र २००१ मध्ये आणलं, त्यासाठी टोरंटोत १२ माणसांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून चेहऱ्याची उष्णता मोजली होती. हिशोब असा, हवा उणे २० आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर चेहऱ्याला उणे ३० इतकं लागतं, आणि उणे ३० मध्ये ताशी ३० चा वारा असेल तर उणे ४६. प्रेअरीत, इथल्या सपाट माळरानात, वारा अडवायला झाड नाही की डोंगर नाही. उणे ४० ते ४७ च्या विंड चिलमध्ये उघडी कातडी पाच ते दहा मिनिटांत गोठू शकते, २८ ते ३९ मध्ये दहा ते तीस मिनिटांत. म्हणजे "पटकन बाहेर जाऊन येतो" म्हणून टोपी न घालता जायचं नाही. बाय द वे उणे चाळीसला सेल्सिअस की फॅरनहाइट असं विचारायची गरज नाही, तिथे दोन्ही एकच.

आणि कामाचं वेळापत्रक असतं, ते तुझ्याच प्रांतात, सास्काचेवानच्या कामगार खात्याने बनवलंय आणि पुढे उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. चार तासांच्या पाळीत, वारा नसताना, उणे ३२ ते ३४ असेल तर सलग ७५ मिनिटांपेक्षा जास्त काम नाही, मग दहा मिनिटं उबेत. उणे ३५ ते ३७ ला ५५ मिनिटं, ३८-३९ ला ४०, आणि ४० ते ४२ ला ३० मिनिटं. उणे ४३ आणि त्याखाली तातडीचं सोडून काम बंद. वारा असेल तर ह्याच मर्यादा आणखी अलीकडे सरकतात. हे आकडे अंगमेहनतीच्या कामाचे आहेत, उभ्याच्या कामाला एक पायरी आधीच कडक धर. सुट्टी मागायला लाजू नकोस. आपली पोरं नवीन नोकरी म्हणून गप्प राहतात, व्हिसाचं टेन्शन असतं, मला कळतं ते, पण कामगारांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा उत्तर अमेरिकेत सगळ्यात आधी १९७२ मध्ये सास्काचेवाननेच केलाय आणि असुरक्षित काम नाकारायचा हक्क तुला कायद्याने आहे. चांगला सुपरवायझर स्वतःच सकाळच्या टेलगेट मीटिंगमध्ये, काम सुरू व्हायच्या आधी साइटवर होते त्या छोट्या बैठकीत, वेळा ठरवून देतो.

एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं, कारण स्वतःचं नाक पांढरं पडलेलं स्वतःला दिसत नाही. गालावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला आणि तिथे काही जाणवत नसेल तर लगेच आत. आपल्या सावळ्या रंगावर तो डाग पांढराफटक न दिसता करडा, फिकट दिसतो, आणि शेजारच्याला ते ओळखता येईलच असं नाही, म्हणून त्याला आधीच सांगून ठेव. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही, हा जुना उपाय नुकसान करतो. हलकं असेल तर उबदार हात नुसता टेकवून ठेव, बोटं असतील तर काखेत. जास्त असेल तर ३७ ते ३९ डिग्रीच्या पाण्यात, शेकोटी किंवा हीटरसमोर नको, आणि परत गोठायची शक्यता असेल तर वितळवूच नको, सरळ हॉस्पिटल. आणि कोणी बडबड विचित्र करायला लागला, वस्तू हातातून पडायला लागल्या, किंवा कुडकुडणारा माणूस एकदम कुडकुडायचा थांबला पण अंग गरम झालेलं नाही, तर तो बरा झालेला नाही, ती इमर्जन्सी आहे, ९११.

खाण्याचं, घरून जेवढं नेतोस त्यापेक्षा जास्त ने. पोळी-भाजीचा डबा ट्रकच्या आत ठेव नाहीतर दुपारी फोडून खावा लागेल. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू आतल्या खिशात, अंगाच्या उबेत मऊ राहतात. तूप सढळ घे, इथे कोणी कॅलरी मोजत नाही. पाणी पी. थंडीत लघवी जास्त लागते आणि तो संडास नको म्हणून लोक पाणीच पीत नाहीत, मग डोकं दुखतं आणि थंडीही जास्त वाजते. थर्मासमध्ये चहा ठीक. दारूने गरम वाटतं ते फक्त वाटतं, कातडीकडे रक्त वाढून आतली ऊब बाहेर जाते, आणि सिगारेटने उलट बोटांचं रक्त कमी होतं. मधुमेह असेल किंवा थंडीत बोटं एकदम पांढरी पडायचा त्रास असेल तर जॉइन व्हायच्या आधी डॉक्टरशी बोल.

पैशाचं म्हणशील तर बूट दीडशे ते अडीचशे डॉलरपर्यंत, ते नवीनच घे. मेरिनोचे दोन जोड, मोजे चार-पाच जोड. बिब आणि वरचं जॅकेट सेकंड हँड दुकानात चांगले मिळतात, इथे लोक नोकऱ्या बदलताना देऊन टाकतात. हेल्मेट, व्हेस्ट, लायनर बहुतेक कंपनी देते आणि बुटांसाठी काही ठिकाणी वार्षिक भत्ता असतो, म्हणून काही घ्यायच्या आधी एचआरला एक मेल टाक. जाकिटाला २६ डिसेंबरच्या सेलपर्यंत थांबलास तरी चालेल. बूट मात्र ह्याच आठवड्यात घे, जानेवारीत आपल्या साइजचे मिळत नाहीत आणि नवे बूट पायाला बसायला आठ-दहा दिवस लागतात, संध्याकाळी घरात घालून फिर, रूममेट काय म्हणायचं ते म्हणू देत.